भिऊन घेतलेलं बीकॉम

बारावीचा निकाल लागला त्या दिवशी घरात पेढे वाटले गेले आणि मी मागच्या दारी जाऊन बसले. मार्क चांगले पडले होते, भीती त्याचीच होती. नापास झाले असते तर पुढचं कुणी विचारलं नसतं. आता जो तो विचारत होता, पुढं काय?

आमचं गाव चोपड्याजवळचं, शेत केळीचं. अकरावीला मी कॉमर्स घेतलं ते सायन्सच्या प्रयोगशाळेतल्या ॲसिडला भिऊन. पण अकाउंट्स मात्र मनापासून आवडलं. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू सारख्या आल्या की छातीतली धडधड तेवढ्यापुरती थांबायची. घरात हे सांगून कुणाला कळलं नसतं. मी एवढंच म्हटलं, "मला बीकॉम करायचंय. जळगावला." पुढं सीए करायचं असेल तर जळगावच गाठ, असं आमच्या सरांनी सांगितलं होतं.

काका म्हणाले, "पोरीच्या जातीला बीए बरं. चोपड्याला जाऊन-येऊन होईल, मग बीएड, मग मास्तरीण." आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जळगावला जायला पेटीतला सदरा काढला. केळीचा चीक कपड्यावरून जात नाही, धुतला की उलट काळा पडतो. चिकाचा डाग नसलेला त्यांच्याकडे तो एकच सदरा होता.

जळगावच्या कॉलेजात रांग जिन्यापर्यंत आली होती. आबा आयुष्यात पहिल्यांदा कॉलेजच्या आत आले होते. चपला बाहेर काढाव्यात की काय, म्हणून ते क्षणभर दारात थांबले. आमच्या पुढं एक सफारी घातलेले गृहस्थ मुलाला घेऊन उभे होते. आबांशी ते आपणहून बोलायला लागले.

"तुम्हाला माहीत आहे ना? आता इथं पुण्याची डिग्री मिळणार नाही. जळगावचं नवं विद्यापीठ झालंय. त्याचं नाव बाहेर कोण ओळखतो? बँकवाले बघतील आणि बाजूला ठेवतील. मी आपला फॉर्म भरून ठेवतोय, पण ह्याला पुण्यालाच पाठवणार."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. पुण्याला मला कोण पाठवणार होतं? रांग पुढं सरकत राहिली. खिडकी अगदी जवळ आली आणि आबा म्हणाले, "चाल." आम्ही रांगेतून बाहेर पडलो. मागच्या माणसानं लगेच आमची जागा घेतली. आता ती पुन्हा मिळायची नाही असं वाटून मला रडू येऊ लागलं. पण आबांच्या कपाळावर घाम आलेला दिसला आणि मी ते गिळलं. शेतात साप निघाला तरी न हलणारा माणूस एका सफारीवाल्याच्या बोलण्यानं हादरला होता.

"धुयाले जाऊ," ते म्हणाले. "मामाले विचारू."

मामा धुळ्याला बँकेत कारकून होते. आमच्या सगळ्या गोतावळ्यात आकड्यांची नोकरी करणारे ते एकटेच. मला वाटलं, मामा धीर देतील. दुपारभर एसटीत मी त्याच आशेवर बसले होते.

मामा घरी आले ते दमलेले. आबांनी विद्यापीठाचं विचारलं. मामांनी ते हातानंच उडवलं.

"डिग्रीचं काय घेऊन बसलात, दाजी? आमच्याकडे मशीन येतंय. लेजर, व्याज, टोटल, सगळं तेच करणार. आम्हाला ट्रेनिंगला बसवलं, तर त्या बटणांवर मला साधी बेरीज जमेना." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "बेटा, मी वीस वर्षं बेरजा केल्या. आता मलाच कळत नाही मी कशाला आहे. तू मास्तरीण हो. मुलांना मशीन नाही शिकवणार."

जी नोकरी मिळेल की नाही म्हणून मी भीत होते, ती जगात उरणारच नव्हती म्हणे.

सकाळी मामा आम्हाला त्यांच्या ओळखीच्या एका सीएंकडे घेऊन गेले. माडीवरचं ऑफिस, टेबलाटेबलावर फायलींचे ढीग, आणि काम करणारे सगळे पुरुष. मी आत गेले तशा सगळ्या माना वर झाल्या. साहेबांनी इंग्रजीत विचारलं, अकाउंट्सच का घ्यायचंय? मला प्रश्न समजला होता. उत्तरही होतं. पण तोंडातून आवाज फुटेना. मी नुसती पदराशी चाळा करावा तशी ओढणीचं टोक पिळत राहिले.

साहेब वाईट नव्हते. मराठीत म्हणाले, "हे बघा, सीएला तीन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली काम करावं लागतं. ऑडिटला परगावी जावं लागतं, मुक्काम पडतो. मी आजवर मुलगी घेतली नाही, आणि घेईन असंही सांगत नाही. उगाच आशा कशाला लावू? बीए करू द्या."

आबांनी हात जोडले. आम्ही जिना उतरलो. मामा बँकेत निघून गेले.

धुळ्याच्या स्टँडवर चोपड्याची गाडी लागलेली होती, अमळनेरमार्गे. आबा तिच्याकडे निघाले आणि मध्येच थांबले.

"बठ्ठा भ्याव दखाडतस," ते म्हणाले, म्हणजे जो तो भीतीच दाखवतोय. "माले तं काहीच समजत नही. तुले काय करनं शे?"

आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. सीएंसमोर न फुटलेला आवाज तिथं, कंडक्टरच्या आरडाओरड्यात फुटला.

"आबा, माले बीकॉमनं भ्याव वाटस. पन बीएनं जास्ती वाटस. मी चोपड्याले ऱ्हायनू, तं तुम्ही वरीसभरमा मनं लगीन करी टाकशात."

बोलून गेले आणि आता थप्पड बसणार असं वाटून मी डोळे मिटले. घरात लग्नाचा शब्दही कुणी अजून काढला नव्हता. पण काका दोन ठिकाणी बोलून आले होते हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे आबांना माहीत नव्हतं.

थप्पड बसली नाही. डोळे उघडले तर आबा चौकशीच्या खिडकीकडे चालले होते. परत आले आणि म्हणाले, "जळगावनी गाडी तठे लागनी शे. चाल, जागा धर."

जळगावच्या वाटेवरचं एरंडोल मागं पडलं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. उलट आता सगळं माझ्या अंगावर आलं होतं. काही चुकलं तर विद्यापीठाकडे, मशीनकडे, साहेबांकडे बोट दाखवता येणार नव्हतं. मागितलं मी होतं.

जळगावला पुन्हा रांगेत उभं राहून फॉर्म भरला, प्रवेश मिळाला. कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी हॉस्टेलच्या फाटकाशी आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मागं न बघता गेले. पहिल्या तासाला सरांनी इंग्रजीतून शिकवायला सुरुवात केली. घसारा हा शब्द मला येत होता, त्याचंच इंग्रजी डेप्रिसिएशन कानावरून निघून गेलं. शेजारच्या मुलीच्या वहीत बघून मी ते उतरवलं, तर तिनंही चुकीचंच लिहिलेलं होतं. त्या वर्षी मी कॉलेजात रोज भीतच गेले.

पुढं जे झालं ते थोडक्यात सांगते. आमच्या डिग्रीला कुणी बाजूला ठेवलं नाही. मामा त्या मशीनवर काम करायला शिकले, आणि निवृत्त होईपर्यंत करत राहिले. सीए मला जमलं नाही. दोनदा बसले, दोनदा राहिले. जळगावच्याच एका डाळ मिलमध्ये हिशेबाच्या खोलीत लागले, आणि लग्न झालं ते त्यानंतर, मी बघून होकार दिलेल्या मुलाशी. काका माझ्याशी बरीच वर्षं नीट बोलले नाहीत.

भीती काही गेली नाही. मार्च महिना लागला, वर्षाचा ताळेबंद जुळवायची वेळ आली, की ती अजून वर येते. पण त्या महिन्यात मी मिलमध्ये सगळ्यांच्या आधी पोचते, खोलीच्या खिडक्या उघडते, टेबलावरची डाळीची भुकटी पुसते आणि मालक यायच्या आत कामाला बसलेली असते.