चहाला वळणारी वाट

वकीलकाकांना सरळ जाता येत नसे. अकोल्यात ते आमच्या शेजारी राहायचे. कोपऱ्यावरून दही आणायला निघाले की तासाभराने परतायचे, आणि दही राहिलेलंच असायचं. वाटेत कुणीतरी 'या' म्हणालेलं असायचं. "बोलावल्यावर गेलं नाही तं मानूस कायचा?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

अशा माणसाला नकाशाचा नाद का लागावा, हे मला आजवर कळलेलं नाही. हिवरखेडच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी गावकऱ्यांनी झाडांना चुन्याचे पट्टे मारून धबधब्यापर्यंत फिरायची नवी वाट केली होती. रविवारी लोक जायचे आणि चुकायचे. इंटरनेटवर एक खुला नकाशा आहे, कुणीही भर घालावी असा. ती वाट त्यात घालायचं काकांनी ठरवलं आणि मोबाईलचं लचांड माझ्या गळ्यात पडलं.

मोबाईल खिशात ठेवून चालायचं, मागे नकाशावर रेघ उमटत जाते, एवढंच काम. पण वाटेत शेतं. पहिल्याच बांधावरून काकांच्या ओळखीच्या शांताबाईंनी हाक मारली, "वकीलसायेब, चहा घेऊन जा ना." काका वळले. पुढच्या शेतात ताक, त्यापुढे उकडलेल्या शेंगा. घरी येऊन पाहिलं, तर रेघ कसली, गुंतलेली सुतळी.

"काका, हे फेरे पुसून टाकू."

"कावून? गेलो नाही काय मी तिथं?"

"लोकांना धबधब्याला जायचंय, शांताबाईंकडे नाही."

"त्यायले आधीपासून काय मालूम, कुठं जायचं हाय ते?"

कप्पाळ! रेघ तशीच चढवली. नकाशा भरणाऱ्या परगावच्या एकाने खाली विचारलं, वाट तीनदा विनाकारण का वळते? काकांनी माझ्याकडून उत्तर लिहून घेतलं: बोलावलं म्हणून.

पोळ्यानंतर काका गेले. झोपेतच. काही दिवसांनी त्या माणसाने पुन्हा विचारलं, वाट सरळ करू का? 'करा' लिहायला हात होईना, आणि 'नको' म्हणायला कारण सापडेना. डोकं चालेना, तेव्हा जागेवर जाऊन ठरवावं म्हणून एकटीच निघाले.

शांताबाईंच्या बाजेवर अमरावतीहून आलेलं एक अनोळखी जोडपं चहा पीत बसलं होतं. "आता कोनीबी येते," शांताबाई म्हणाल्या. "मोबाईल इकडंच वळवते म्हने." ही तक्रार की कौतुक, मला कळेना. त्यांनी माझ्यापुढे दोन कप ठेवले. "सायेब मांगं राह्यले काय?"

मी सांगितलं. त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मला रडू आलं, त्या परक्या माणसांसमोरच. दुसऱ्या कपावर साय धरली.

"वाट सरळ करायची म्हणतात," मी कसंबसं म्हटलं. "तुमच्याकडे वळायचं काही कारण नाही म्हणे."

"नका करू," शांताबाई म्हणाल्या. "आमी अजून बोलावून राह्यलो ना."