माइक पुढे करणारा दुकानदार

अक्षर किरटं आहे, चुकाही असतील, माफ करावं.

आमच्या बायकांच्या बँडमध्ये मी गाते, पण ढोलकीपुढे माझा आवाज कुणालाच ऐकू येत नाही. म्हणून आम्ही सगळ्या घोटावड्यात स्पीकर बघायला गेलो. तिथला दुकानदार स्पीकरला डॉक्टरसारखा कान लावतो. आम्ही मोठा मागितला.

“सराव कुटं करता?”

“गोठ्याशेजारच्या खोलीत.”

“मग ह्यो न्हाई. दणक्यानं बिचकून म्हशी दूध चोरतील, ताई.”

त्याने स्वस्तातला छोटा दिला, माइकसकट, हप्त्याने.

शेवटचा हप्ता द्यायला मी एकटीच गेले. “फिटले सगळे,” असं पुटपुटले. त्याने कानामागे हात धरला. “ऐकू येत न्हाई,” म्हणत दुकानातला माइक पुढे केला.

डोळे मिटून मी ओरडले, “पैसे फिटले!”

समोरच्या दुकानातून न्हावी ओरडला, “किती व्हते, ताई?”

मी तेही माइकवरच सांगितलं.