पिवळ्या रंगातली घरं

लातुरात शहराचे नकाशे करणाऱ्या ऑफिसात मी मोजणीची टेप धरायला होतो. शाळा चौथीपर्यंत. त्यामुळं आकडे वाचायचं टोक दुसऱ्याकडं आणि शून्याचं माझ्याकडं. शून्य धरणारा कुणाच्या तरी दारात नुसता उभा असतो, आणि दारातल्या माणसाशी लोक बोलतात. आधी पाणी देतात, मग सुनेचं सांगतात. अशा गोष्टी अंगाला कुसळासारख्या चिकटत गेल्या. मंडळी गेल्यापासून घरात ऐकायला कुणी नाही, म्हणून इथं सांगतो.

*

भूकंपानंतर औशाकडं एक गाव नव्यानं वसवायचं होतं. आमचे कुलकर्णी साहेब तेव्हा तरुण. ज्याला जमीन जास्त त्याला मोठं घर, भूमिहीनाला लहान, असा हिशोब वरून आलेला. साहेबांनी मोठ्या घरांची गल्ली वेगळी आखली, लहान घरांची वेगळी. आखणी झकास झाली होती.

चुना टाकून झाल्यावर एक म्हातारी काठी टेकत आली. सगळं नीट बघितलं आणि म्हणाली, "साहेब, समदे बिनम्हशीचे एका गल्लीत घातलाव. आता विरजण कुणाला मागावं?"

साहेब त्या दिवशी जेवले नाहीत. पुढच्या गावात त्यांनी मोठ्या घरांशेजारी लहान घरं घातली. मोठ्या घरवाल्यांनी तक्रार केली, ती त्यांनी ऐकून घेतली.

*

नकाशे रंगवायला रजाकभाई होते, नांदेडहून बदलून आलेले. राहण्याची जागा नकाशात पिवळी दाखवतात. शहर वाढायला लागलं तसं साहेबांच्या मनात यायचं, की प्रत्येक भागात थोडी मोठी घरं असावीत, थोडी लहान, थोडी भाड्याची, म्हणजे हमालही तिथंच राहील आणि मास्तरही. तासभर ते रजाकभाईंना समजावत होते.

रजाकभाईंनी ब्रश धुतला. "साब, नकशे में तो सब पीलाच है. पीलेच में बंगला, पीलेच में झोपडी. कौन किसके बाजू में बैठेगा, ये रंग कैसा बोलेगा?"

*

माझ्या समोरच्या घरात गुंडप्पा राहायचा. निलंग्याकडचा, भूकंपात घरातली तीन माणसं गेलेला. मुलाला घेऊन लातुरात आला, पक्कं घर बांधलं, आणि स्वतः मात्र अंगणातल्या पत्र्याखाली झोपायचा. एकदा साहेब माझ्याकडं चहाला आले होते. भिंती ठोकून दाखवत त्यांनी त्याला सांगितलं, की घराला काही होत नाही, बिनधास्त आत झोपा.

गुंडप्पा म्हणाला, "घराचा भरवसा हाय साहेब. झोपंचा न्हाई."

*

मग डॉक्टर-इंजिनिअर करणारे क्लासेस आले. चाकूर, देवणी, लोहा, कुठून कुठून पोरं यायला लागली. ज्यांना भूकंपानंतर वरचा मजला नको होता, त्यांनीच ही पोरं ठेवायला तिसरा चढवला. नव्या नकाशासाठी आम्ही घरोघर फिरत होतो. एका घरमालकाला साहेबांनी विचारलं, घरात माणसं किती?

"चोवीस कॉट."

साहेब म्हणाले, कॉट नाही, माणसं विचारली.

"माणसं व्हय? दोघं. मी अन् मंडळी. आम्ही जिन्याखाली ऱ्हातो."

*

आमच्या गल्लीतही हॉस्टेलं झाली. राहती घरं दोनच उरली, माझं आणि गुंडप्पाचं. गुंडप्पाचा मुलगा पुण्याला नोकरीला होता. हे घर हॉस्टेलला देऊन तुम्ही इकडं या, असा त्याचा लकडा. गुंडप्पा गेला, तर गल्लीत माझ्याशी बोलणारं कुणी उरणार नव्हतं.

साहेबांनी नव्या आराखड्यात आमच्यासारख्या काही गल्ल्या फक्त कुटुंबांसाठी ठेवल्या. त्यावर हरकती ऐकायला हॉल भरला. सगळ्यांना हॉस्टेलच पाहिजे. शेवटी साहेबांनी विचारलं, शेजारी घर असावं असं कुणाला वाटतं? गुंडप्पानं हात वर केला. पाण्याचा ट्रे खाली ठेवून मीही केला.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "मामा, तुम्ही ऑफिसचे. तुमचा हात मोजणीत धरता येत नाही."

*

कुटुंबांच्या गल्ल्या आराखड्यातून गेल्या. गुंडप्पा पुण्याला गेला. आता त्याच्या घरावर हॉस्टेलची पाटी आहे.

भूकंपापासून त्याची एक सवय होती. पहाटे उठला की गेटात उभा राहून मला हाक मारायचा, "हाव का?" म्हणजे, आहात ना अजून? मी आतून म्हणायचो, "हाव." मग तो चूळ भरायला जायचा. इतकी वर्षं एक पहाट चुकली नाही.

महिन्याभरानं त्याच्या मुलाचा फोन आला. बिचारा वैतागला होता. म्हणाला, "काका, बाबांना तुम्हीच समजावून सांगा. रोज पहाटे गॅलरीत उभं राहून 'हाव का, हाव का' ओरडतात. अकरावा मजला आहे आमचा. अख्खी बिल्डिंग जागी होते. सोसायटीवाले दोनदा येऊन गेले."

मी विचारलं, "मग कुणी हाव म्हणालं का?"

"नाही ना काका. म्हणून तर ते थांबेनात."