गोजरबाईनं लवकर आणलेली अमावास्या

पडदा वर जातो तेव्हा समोर एक ओसरी दिसते. चिखलीच्या अलीकडच्या गावातली, शेणानं सारवलेली, ऊन नुकतंच कललेलं. डाव्या अंगाला जातं, उजव्या अंगाला तुरीनं भरलेलं सूप. मधोमध दोघीजणी समोरासमोर. म्हातारी ती गोजरबाई, तरणी ती तिची सून कोकिळा. दोघींचीही कपाळं मोकळी. म्हातारीनं पुठ्ठ्याचा एक तुकडा आरतीच्या ताटासारखा जपून उभा धरलाय.

"नाग... मुंबई!" सून म्हणते.

"अडखळली. रोजच्या खणात."

"आत्याबाई, उत्तर तं बराबर हाय!"

"हाय, पण धक्का मारून चालू केलेल्या मोटारीवानी आलं. उद्या पुन्हा."

कोकिळा शाळेत होती तेव्हा हा मुलूख मध्यप्रदेशात होता, राजधानी नागपूर होती. आता राज्य नवं, राजधानी मुंबई. जिभेला मात्र जुनीच वाट ठाऊक.

गोजरबाईला अक्षर येत नव्हतं. तुकड्याच्या एका बाजूला प्रश्न, मागं उत्तर. शाईचा ठिपका असलेली बाजू सुनेकडं करायची, एवढंच तिला कळे. पण जीभ कुठं अडते, ते तिला बरोबर ऐकू येई.

मोतीराम, गोजरबाईचा एकुलता लेक, विहिरीच्या कामावर दगावला. त्यानंतर त्या घरात बायका दोन होत्या, पण बोलणं एकीपुरतंही नव्हतं. एक चूल पेटवी, दुसरी पाणी आणी. भाकरी दोघी खात, ती एकमेकींकडं पाठ करून. मग एकदा शाळेचे वामनराव मास्तर दारात थांबले आणि म्हणाले, "पोरीची चौथी झालेली आहे. घरी अभ्यास करून सातवीची फायनल काढू द्या. पुढं बुलढाण्याला मास्तरणीचं ट्रेनिंग मिळेल."

कोकिळानं पुस्तकं आणली, वहीभर टिपणं काढली. वाचताना सगळं येई, वही मिटली की डोकं कोरं. रडकुंडीला आली पोर. गोजरबाई तेव्हा बरणीत लोणचं हलवत होती. ती वर न बघता म्हणाली, "नवं लोणचं रोज हलवा लागते. जरा मुरलं की बाजाराच्या बाजारी. चांगलं मुरलं की मंग अमावास्येले झाकण उघडून पाह्यलं तरी पुरते. तू सारी बरणी रोज उपसून राह्यली, थकशीन नाही तं काय?"

कोकिळा बघतच राहिली. चिखलीच्या कापडवाल्याकडून तिनं ठाणातले पुठ्ठे मागून आणले, कापले आणि एकेक टिपण एकेका तुकड्यावर उतरवलं. वहीत उत्तर प्रश्नाला चिकटून बसलेलं असे आणि डोळा आधीच चोरून बघे. आता मध्ये पुठ्ठा आला. गोजरबाईनं जुन्या लुगड्याची तीन खणांची पिशवी शिवली: रोजचा, आठवडी बाजाराचा, अमावास्येचा. न अडखळता आलं की तुकडा पुढच्या खणात, अडखळली की परत रोजच्या. पिशवी म्हातारीच्या मांडीवर, तोंड तिच्याकडं.

हळूहळू म्हातारीचा सगळा दिवस त्या दुपारवर टांगला गेला. धुणं, शेण, निंदण, सगळं त्या एका अंकाच्या आधी उरकायचं. त्या घरात आता आवाज होता.

आणि नेमकी विहिरीवर शेजारची सत्यभामाबाई भेटली. "काव गोजरे, सुनेले शिकवून राह्यली म्हंते. बुलढाण्याच्या होस्टेलात सासूले जागा नसते बरं. मंग भाकर कोनासाठी थापशीन?"

"कुत्र्यासाठी थापीन. तुह्यापेक्षा कमी भुकते ते."

हशा झाला. घागर डोक्यावर चढली. पण घरी येईतो ते बोलणं काट्यासारखं आत शिरत गेलं.

त्या दुपारी कोकिळा एका नदीपाशी अडखळली. गोजरबाई "रोजच्या खणात" म्हणाली, हात मात्र अमावास्येच्या खणात गेला. फायनलचा पेपर अमावास्येच्या आधीच होता. तो तुकडा आता पेपर होईपर्यंत वर येणार नव्हता. दुसऱ्या दिवशी आणखी एक गेला. मग हाताला सवयच लागली.

मग एका दुपारी कोकिळा पिशवीत डोकावली आणि टाळी वाजवून हसली. "आत्याबाई, रोजचा खण रिकामा! मले सारं येऊन राह्यलं!"

मोतीराम गेल्यापासून ती हसली नव्हती. गोजरबाईला वाटलं, कुणी घरात दिवा लावला आणि आपण तो फुंकायला बसलोय. पाणी आणायचं निमित्त करून ती आत गेली, पिशवी पदराखाली घेऊन. चुलीपुढं अमावास्येचा खण तिनं उपडा केला. सगळे तुकडे सारखे! सगळ्यांवर काळ्या मुंग्यांच्या रांगा. त्यांतले मुरलेले कोणते आणि आपण लपवलेले कोणते, तिला ओळखता येईना. केलेलं पाप परत घ्यायचं तरी ते हातानं निवडता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती ओसरीवर येऊन बसली. "आज अमावास्या."

"अमावास्या पेपराच्या नंतर हाय, आत्याबाई."

"पंचांगात असन. या घरात आज हाय."

तुकडा वर, उत्तर. तुकडा वर, उत्तर. मग अडखळणं. पुन्हा अडखळणं. रोजचा खण फुगत चालला तशी कोकिळा पिशवीकडं बघू लागली. शेवटी म्हणाली, "हे तं मले कधीच आलं नव्हतं. अमावास्येच्या खणात कसं गेलं?"

"म्या टाकलं. जाणून टाकलं." गोजरबाई म्हणाली. "तू नापास झाली असती तं इथंच राह्यली असती."

सुपावर चिमणी उतरली, दाणे टिपून उडून गेली. कोकिळानं डोळे पुसले आणि म्हणाली, "वर धरा, आत्याबाई. हात खाली गेला तुमचा."

कोकिळा पास झाली. जाण्याच्या दिवशी चिखलीच्या स्टँडवर बुलढाण्याची गाडी लागली. पेटी जड होती. गोजरबाईनं एक पाय पायरीवर ठेवून ती आत ढकलली. कोकिळा खिडकीपाशी बसली, तिला काहीतरी बोलायचं होतं, पण इंजिन सुरू झालं. म्हातारी तशीच उभी, पाय पायरीवर, हात दांडीला.

कंडक्टर म्हणाला, "मावशी, चढून राह्यल्या का? गाडी सुटते."

तिनं पाय खाली घेतला.

"नाही रे बापा. मी पोचवाले आली."