गोलकीपरला चाळीसपैकी अकरा

माझ्या बहिणीला सांगून आलेली दोन्ही स्थळं फुटबॉलपटू होती, आणि त्या दोघांत सरस कोण हे ठरवायचं काम घरानं माझ्यावर सोपवलं होतं.

फुटबॉलपटू म्हणजे हौशी नव्हेत, चांगले पगारी! दोघंही मूळचे कोल्हापूरचे. तिथल्या पेठांमध्ये अनवाणी खेळून वाढलेले, आणि आता मुंबईतल्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांनी केवळ खेळण्यासाठी नोकरीत घेतलेले. विलास हा एका कंपनीचा फॉरवर्ड, नऊ नंबर. राजाराम हा दुसऱ्या कंपनीचा गोलकीपर. स्थळं आणणाऱ्या मामाकडे आम्ही फोटो मागितले, तर तो म्हणाला, "फोटोत काय बघायचं? खेळाडू मैदानात बघावा!"

नेरूळच्या आमच्या दोन खोल्यांत यावर मोठी चर्चा झाली. आण्णांनी (म्हणजे वडिलांनी) आयुष्यभर बाजारात पाठीवर कांद्याची पोती वाहिलेली. तरुणपणी साताऱ्याकडे कुस्त्या मारलेल्या. त्यांना मुळातच पटेना.

"हापिसात जायाचं न्हाई, फायलीला हात लावायचा न्हाई, नुसत्या बॉलला लाथा घालायच्या आन् एक तारखेला पगार? ही कसली नोकरी रं?"

"आण्णा, प्रोफेशनल आहेत ते."

"आन् त्यो दुसरा, गोलकीपर, त्यो काय करतो?" आईनं विचारलं.

"गोल राखतो."

"राखतो? म्हंजी वॉचमनच की!"

त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, वर्ल्ड कप नुकताच संपला होता. आमच्या घरात नवा रंगीत टीव्ही आला होता, आणि दिसेल ती मॅच बघून मी घरच्यांना समजावून सांगितली होती. जगातल्या सगळ्या मोठ्या खेळाडूंना मी मार्क दिले होते. (ऑफसाइड मला आजही नीट कळलेला नाही, पण तेव्हा घरात तो विचारणारंही कुणी नव्हतं.) त्यामुळे फुटबॉलमधलं मला कळतं, असा आमच्या घराचा एक गैरसमज झाला होता. तो दूर करायची मलाही घाई नव्हती.

ज्या बहिणीचं लग्न, ती मंगल मात्र गैरसमजात नव्हती. ती कळंबोलीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होती. दोन कानांना दोन फोन लावून ती दिवसभर ट्रक हलवायची, आणि मोठमोठ्या मिशांचे ड्रायव्हर तिच्याशी बोलताना विडी विझवायचे.

"दादा, खरं सांग. तुला काय कळतं रे त्यातलं?"

"तू टेन्शन घेऊ नकोस. मी शास्त्रीय पद्धतीनं निवडतो."

योगही असा की, त्या दोन कंपन्यांची एक मैत्रीची मॅच रविवारी वाशीच्या मैदानावर होती. दोन्ही नवरदेव एकाच मैदानात, समोरासमोर! मी लगेच बेत आखला : कुणाला काही सांगायचं नाही, चौघांनी जायचं, बघायचं, मार्क द्यायचे आणि परत यायचं. महाप्याच्या ज्या कारखान्यात मी स्टोअर्सला होतो, तिथली लांबलचक वही घेतली. चार रकाने आखले : वेग, चेंडूवर ताबा, ताकद आणि डोकं. प्रत्येकी दहा मार्क. शेवटी एक रुंद रकाना, शेऱ्यासाठी.

मैदानात घोटाभर चिखल होता. कडेला एकच बाक, आणि बाकाजवळच्या खुर्चीत एक तरुण बसलेला. त्याच्या एका पायाला जाड बँडेज, आणि तो पाय त्यानं बाकावर पसरलेला.

"अहो, जरा पाय घ्या. आमच्या आईला बसू द्या," मी म्हणालो.

त्यानं बिचाऱ्यानं दोन्ही हातांनी पाय उचलून खाली ठेवला.

"तुम्ही पण खेळता वाटतं?"

"खेळतो थोडं."

"मग तो पिवळ्या शर्टातला नऊ नंबर बघा. विलास नाव त्याचं. बघा आणि शिका काहीतरी!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. नवख्यांना मार्गदर्शन आवडतं, असं मला वाटलं.

मॅच सुरू झाली, आणि पहिल्या पाच मिनिटांत माझी बोलती बंद झाली. (घरच्यांच्या मते हा त्या दिवसाचा पहिला चमत्कार.) टीव्हीवर फुटबॉल दिसतो हो, पण अंगावर येत नाही. इथे माणसं धावत गेली की पायांखालची जमीन हलत होती. छातीवर चेंडू घेतल्याचा आवाज धोपटणं आपटल्यासारखा येत होता. आणि तो नऊ नंबर! आम्हाला ज्या चिखलात चप्पल सांभाळता येत नव्हती, त्या चिखलात तो पूर्ण वेगात धावताना मध्येच थांबत होता. चेंडू त्याच्या पायाला चिकटलेला. एक आडवा आला, हा डावीकडून निघाला. दुसरा आला, त्याच्या पायांमधून चेंडू काढला. तिसरा तर नुसत्या खांद्याच्या झोक्यानं खाली बसला!

आण्णा उठून उभे राहिले. आखाड्याबाहेर ते कुणासाठी उभे राहिल्याचं मला आठवत नाही.

"आरं मांड्या बघ त्याच्या! आन् पाय कसा पडतोय बघ, मांजरावानी!" ते हळूच म्हणाले. "ह्याला पगार देत्यात त्ये बराबर हाय."

मी भराभर मार्क लिहिले. वेग दहा, ताबा दहा, ताकद नऊ, डोकं नऊ. चाळीसपैकी अडतीस! वर्ल्ड कपमध्येसुद्धा मी कुणाला इतके दिले नव्हते.

आणि राजाराम? तो निळ्या टीमच्या गोलात उभा होता. बस्स, उभा होता! अर्धी मॅच संपली, तरी त्याच्या शर्टाला चिखलाचा डाग नाही. मी निष्ठुरपणे लिहिलं : वेग दोन, ताबा तीन, ताकद पाच (उंच होता म्हणून), डोकं एक. एकूण अकरा. शेरा : पगार घेऊन उभा राहतो. लग्नाला अयोग्य.

मंगल माझ्या खांद्यावरून वाचत होती. "दादा, तो नुसता उभा नाहीये. ऐक जरा."

मी कान दिला. राजाराम एकसारखा बोलत होता. "बाळ्या, डावीकडं सर! दोघं नको, एकटाच जा! मागं ये, मागं, हां, तिथंच ऱ्हा!"

"बडबड्या दिसतो," मी म्हणालो.

"अरे, तो नऊ नंबर तिघांना चकवतो, पण चौथा आधीच तिथे उभा असतो की नाही? त्याला तिथे कोणी उभा केला? मी ऑफिसात हेच करते दिवसभर. माझी एक गाडी रस्त्यात अडकत नाही, म्हणून मालकाला वाटतं, ही नुसती बसून असते!"

बहिणीचं हे बोलणं मला अशास्त्रीय वाटलं. तरीही, पक्षपात नको म्हणून, दुसऱ्या अर्ध्यात मी राजारामला जवळून तपासायचं ठरवलं आणि वही घेऊन थेट त्याच्या गोलामागे जाऊन उभा राहिलो. गोलाला जाळं होतं. पण मध्ये एक म्हैस जाईल एवढं भोक होतं. आणि मी नेमका त्या भोकासमोर!

शेवटची दहा मिनिटं राहिली होती. नऊ नंबरनं तीन जणांना चकवलं, आणि चौथा चिखलात घसरला. समोर फक्त राजाराम. त्याच्यामागे मी.

नऊ नंबरनं पाय मागे नेला. पुढचं मला नीट सांगता येणार नाही. चेंडू येताना दिसलाच नाही. एक काळा गोळा जागच्या जागी मोठा होत गेला, एवढंच दिसलं. मी कुलदैवताचं नावही पुरतं घेऊ शकलो नाही. आणि तेवढ्यात तो तासभर उभा असलेला माणूस आडवा झाला. हवेत! जमिनीपासून चार फूट वर, सबंध सहा फूट आडवा. त्याच्या बोटांची नुसती टोकं चेंडूला लागली. टप् असा आवाज आला, आणि चेंडू गोलाच्या आडव्या दांड्यावरून, माझ्या भांगाला वारा घालून निघून गेला.

मी आ वासून दोन पावलं मागे सरकलो. मागे टेलिफोनच्या केबलसाठी खणलेला खड्डा होता, पाण्यानं काठोकाठ भरलेला. मी त्यात कमरेपर्यंत, आणि वही हवेत!

"लागलं का हो पाव्हणं?" राजारामनं एका हातानं मला बाहेर ओढलं. मग गोलात पडलेली वही उचलली. ती नेमक्या त्याच पानावर उघडी होती. त्यानं वाचायला सुरुवात केली आणि एकदम मान वर केली. "कॉर्नर हाय. जरा दम धरा." वही खांबाशी ठेवली, गर्दीतून उंच उडी मारून चेंडू पकडला, लांब फेकला, आणि पुन्हा येऊन उरलेला शेरा वाचला. मी पुन्हा खड्ड्यात उतरावं की काय, असा विचार करत होतो.

मॅच शून्य-शून्य सुटली. मी चिखलाचे ठिपके गाळत बाकाकडे धावलो. आण्णांना आवरायचं होतं. पण आण्णा बाकावर नव्हतेच! ते मैदानाच्या मध्यावर होते, आणि नऊ नंबरला त्यांनी आखाड्यातली कडकडून मिठी मारली होती.

"शाब्बास, जावईबापू, शाब्बास!"

"जावईबापू?" कडेवर मूल घेतलेली एक बाई तरातरा पुढे आली. "अहो काका, सोडा त्यांना! माझ्या बाबांनी पाच वर्षांपूर्वीच केलंय ह्यांना जावई!"

आण्णांची मिठी सुटली. आईनं पदर तोंडाला लावला. तेव्हा तो बँडेजवाला खुर्चीतून उठला आणि लंगडत आण्णांकडे गेला.

"आण्णा, विलास मी. शेजारी बसून तुमचं सगळं ऐकलंय. घोटा मुरगळलाय, म्हणून आज माझा शर्ट ह्याला दिलाय."

ज्याला मी 'बघा आणि शिका' म्हणालो होतो, तो हा! मी अडतीस मार्क दिले होते ते एका लेकुरवाळ्या गृहस्थाला!

पण विलास हसत होता. तो माझ्याकडे वळला. "तुमचं ऐकून लई बघितलं आज. एक सांगू का? आमी पुढं पळतो, गोल मारतो, ते लोकास्नी दिसतं. राजाराम जे होऊच देत नाही, ते कुणाला दिसत नाही. मी त्याच्यासमोर चार वर्सं खेळतोय. माझे दोनच गोल झालेत. झोपेतसुदिक त्याचा पंजा दिसतो मला." मग आपल्या पायाकडे बघत तो आण्णांना म्हणाला, "आन् खरं बोलायचं तर माझा घोटा तिसऱ्यांदा गेलाय. दोन वर्सांत मी बाहेर बसणार. तुमी त्याला विचारा."

आपल्याच तोंडानं दुसऱ्याचा मोठेपणा सांगणारा नवरदेव आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. आण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

एवढ्यात राजाराम हातमोजे काखेत मारून आला. ओली वही त्यानं माझ्या हातात दिली. "वेगाला दोन दिल्यात ते बराबर हाय, साहेब. पण डोक्याला एकच?"

मी वही पाठीमागे लपवली. त्यानं मंगलकडे बघितलं. "तुमी किती दिलं असतं?"

मंगल कळंबोलीच्या आवाजात बोलायला गेली, पण आवाज निम्म्यावर आला. "मी मार्क देत नाही. माल पोचला की नाही, तेवढंच बघते."

"मग पोचला का?"

"भाऊ धडधाकट पोचला, एवढं खरं."

आण्णा खाकरले. "पोरा, चा घ्यायला घरी ये," ते राजारामला म्हणाले. घरी जाताना वाटेत आई एवढंच बोलली, "वॉचमन असावा तर असा."

तुळशीचं लग्न लागलं, आणि पंधरा दिवसांत मंगलचं. राजारामच्या बाजूनं सगळ्यांत जास्त धावपळ कुणी केली असेल, तर विलासनं, दुखऱ्या पायानं. सगळं सुरळीत पार पडलं आणि कानपिळीची वेळ आली. वधूच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, साधी गोष्ट! मी ऐटीत हात पुढे केला. राजारामनं तो हवेतच पकडला.

"सवय हो," तो ओशाळून म्हणाला. मांडव हसला.

मी डावा हात नेला. तोही पकडला. मग मी त्याच्या एका बाजूला झुकल्याचं दाखवून दुसरीकडून शिरलो, अगदी नऊ नंबरसारखा. दोन्ही मनगटं एकदम त्याच्या पंजात! भटजी घड्याळ बघू लागले. कोल्हापूरकरांनी शिट्ट्या सुरू केल्या.

शेवटी मंगल मुंडावळ्यांआडून हळूच म्हणाली, "अहो, एक सोडा ना. कसा का असेना, दादा आहे माझा."

त्यानं हात मागे बांधले, डोळे मिटले आणि कान पुढे केला. पगारी गोलकीपरवर मी आयुष्यात केलेला हा एकमेव गोल. तोही बहिणीच्या वशिल्यानं!