फ्लॉपीच्या फटीतल्या अक्षता

खंडेनवमीला आम्ही मिस्त्री मंडळी हत्यारांची पूजा करून दुकान बंद ठेवतो. त्या वर्षी पूजा आटोपून शटर ओढणार, तेवढ्यात रिक्षातून एक मावशी उतरल्या आणि त्यांनी काउंटरवर धप्पकन गाठोडं ठेवलं. गोधडी सोडली तर आत कॉम्प्युटर! शिलाई मशीनएवढा, हातात धरून न्यायचा, झाकणातच टायपायची बटणं. मी रेडिओ-टीव्हीवाला, पण ह्या पेट्यांचा मला लय नाद.

“चालू होईना भाऊ. सकाळी पूजा केली, तवापासून निस्ता गुरगुरायलाय.”

फ्लॉपीच्या फटीत बॅटरी मारली आणि माझं डोकंच फिरलं. हळद, कुंकू, अक्षता! “मावशी, हे काय देवाचं तोंड आहे का, नैवेद्य भरवायला?”

“सुनंचं हत्यार हाय ते. तुमी न्हाई का लावलं तुमच्या पेचकसाला?”

हातातल्या पेचकसाकडं बघितलं. मुठीवर कुंकवाचं बोट, अजून ओलं. स्क्रू काढायला बसलो.

सून कृषी महाविद्यालयात ज्वारीवरच्या खोडमाशीवर प्रबंध लिहीत होती. कॉम्प्युटर तिच्या सरांचा. दोन हंगामांच्या नोंदी आत अडकलेल्या एका फ्लॉपीवर, कारण नकलेची दुसरी पावसाळ्यात बुरशी येऊन गेली. आणि प्रबंध सोमवारी द्यायचा होता.

“रानं हिंडून काळी पडली वो पोरगी. आता लोकं म्हणतील, सासूला बघवलं न्हाई.” मावशींनी पदर डोळ्यांना लावला. सून मैत्रिणीकडं गेली होती. ती यायच्या आत पेटी घरी पोचायला हवी होती.

फ्लॉपी वाचणारं डोकं ज्या दांडीवरून सरकतं, तिथंच तांदळाचा दाणा फसला होता. चिमट्यानं काढला. डोक्यावरचं कुंकू स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. तीन बोळे लाल झाले. फ्लॉपीच्या चकतीवर एक बारीक ओरखडा दिसला. देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

तेवढ्यात दारात सायकल आदळली. एक बाई धापा टाकत म्हणाली, “मिस्त्रीकाका, बंद करू नका! सगळं गाव पालथं घातलं, आज एक दुकान उघडं नाही. घरी कॉम्प्युटरात पूजेच्या अक्षता गेल्यात. गुपचूप येता का? सासूबाईंना कळू द्यायचं नाही, सणाच्या दिवशी जिवाला लावून घेतील.”

काउंटरमागून मावशी उठल्या. सून दारातच थबकली. माझ्यामागं कुर्र कुर्र झालं आणि हिरव्या अक्षरांनी पडदा भरला. नोंदी सगळ्या जागच्या जागी! मला तर नाचावंसं वाटलं.

“तुला ठावं होतं?” मावशी म्हणाल्या. “मग भांडायचं न्हाई का गं माझ्याशी?”

“भांडले असते, तर पुढच्या वर्षी माझ्या हत्याराची पूजा कुणी केली असती, आई?”

मावशींनी तिथंच, माझ्या दुकानात, तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.