कलकत्त्यात तीन दिवस आणि गुरुजींसाठी दोन तास

कलकत्त्याला जायचं वेड माझ्या डोक्यात भरलं ते जमिनीखालून धावणाऱ्या गाडीमुळे. ऐंशीच्या दशकाचा मध्य होता, आमची भिलाई अजून मध्य प्रदेशात होती, आणि देशातली पहिली मेट्रो तिकडे सुरू होऊन वर्ष झालं होतं. संध्याकाळी क्वार्टरच्या अंगणात खुर्ची टाकून मी पेपरातला तिचा फोटो पाहत बसायचो. आमचा प्रवास वर्षातून एकदा, तोही नागपूरकडे, सासुरवाडीला. हावड्याकडे जाणारी मेल मी दुर्गच्या फलाटावर उभा राहून नुसती जाताना पाहिली होती.

एकट्यानं जाणार म्हटल्यावर सौ. कुमुद भाजी निवडता निवडता थांबली. "एकटे कावून जाऊन राहिले? आमाले काय झालं?" मी पोरांच्या परीक्षेचं कारण पुढे केलं. खरं कारण असं की चाळिशी उलटलेल्या माणसाला तीन दिवस कुणालाही उत्तर न देता हिंडायचं होतं. तिला ते कळलं असावं. "जा बाप्पा," ती म्हणाली. "कवी लोक एकटेच फिरतात म्हणे. पण कवीलेही भूक लागते, हे ध्यानात ठेवा."

मी कवी नव्हतो, आजही नाही. शाळेत शिकलेल्या कविता तेवढ्या चालीसकट पाठ आहेत. त्या ज्यांनी शिकवल्या ते देवतळे गुरुजी त्या वेळी कलकत्त्यातच होते. हिंगणघाटजवळच्या आमच्या शाळेत सहावीला ते मराठी शिकवत. कवितेचा तास लिंबाखाली व्हायचा, आणि चाल चुकली की सगळ्या वर्गाला झाडाभोवती एक फेरी घालावी लागायची. त्यांचा मुलगा शरद रेल्वेत हिशेब तपासनीस. त्याची बदली गार्डन रीचच्या मुख्य कार्यालयात झाली, तसे गुरुजीही तिकडे गेले. मी येतोय असं कळवल्यावर पोस्टकार्ड आलं. अक्षर शरदचं, शब्द गुरुजींचे: "सवडीनं ये. कोरी वही घेऊन ये."

नियोजनाचा मला भारी सोस. फुलस्केप कागदावर मी तीन दिवसांचा तक्ता आखला, अर्ध्या अर्ध्या तासाचे चौकोन पाडले आणि लाल-निळ्या शाईनं भरले. बुधवारी संध्याकाळी दुर्गहून निघायचं, गुरुवारी सकाळी हावडा. गुरुवार, शुक्रवार, शनिवार शहर. शनिवारी रात्री परतीची मेल, रविवारी दुपारी दुर्ग, सोमवारी ड्यूटी. शनिवारच्या तीन ते पाच या चौकोनात लिहिलं: "गुरुजी." तक्ता इतका देखणा झाला होता की ऑफिसात तो टेबलावरच्या काचेखाली आठवडाभर होता.

ऑफिसचं थोडं सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट तिथूनच निघते. मी भिलाईच्या स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात होतो. हजेरी आणि रजा, हेच काम. आमचे लोक कुठून कुठून आलेले, बिहार, आंध्र, केरळ, आपला विदर्भ. गावी गेले की रजा संपता संपता त्यांची तार यायची: आई सिरियस, रजा वाढवा. या तारांची मी वेगळी फाईल केली होती आणि दुपारच्या चहाला तिचं वाचन चालायचं. शेजारच्या टेबलावरचा साहू नवी तार आली की ती वर धरायचा. "एखर दाई त हर साल सीरियस हो जथे, बाबू." म्हणजे याची आई तर दरवर्षीच सिरियस होते. आम्ही पोट धरून हसायचो. एका क्रेनवाल्याची आई चार वर्षांत पाचदा सिरियस झाली होती, तिला आम्ही नावानं ओळखायचो. मी मात्र वीस वर्षांत एकदाही रजा वाढवली नव्हती, आणि हे मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत असे.

गाडी दुर्गहून दिवेलागणीला सुटली. त्या काळी रिझर्वेशनसाठी पहाटेपासून रांग लावावी लागे, मी आदल्याच महिन्यात ते उरकलं होतं. डब्यात कुमुदनं दिलेल्या पोळ्या, कोरडं पिठलं आणि ठेचा. समोरच्या बंगाली बाबूंना ठेचा दिला. पहिल्या घासाला त्यांनी डोळे मिटले, दुसऱ्या घासाला माझं गाव विचारलं. खडगपूरला उजाडलं. तिथला फलाट संपता संपत नाही, आणि त्यावर पानाच्या द्रोणात पुरी-भाजी मिळाली ती आजही जिभेवर आहे.

हावड्याला उतरलं की टॅक्सीच्या मागे लागू नका. स्टेशनसमोरच घाट आहे. काही पैशांत फेरीबोट तुम्हाला पलीकडे सोडते, आणि त्या दहा मिनिटांत तो प्रचंड पूल बाजूनं हळूहळू सरकतो. नदीचं पाणी चहाच्या रंगाचं, वर झेंडूच्या माळा तरंगत होत्या. मला एकदम वृत्तबद्ध वाटायला लागलं. धर्मतल्ल्याच्या मागच्या गल्लीत एक साधं लॉज मिळालं. खोलीत खाट, पंखा आणि खिडकी, खिडकीतून ट्रामची घंटा.

गुरुवार मेट्रोचा. एस्प्लनेडहून भवानीपूर, परत एस्प्लनेड, आणि मग पुन्हा एकदा. पायऱ्या उतरलं की वरचा सगळा गलका मिटायचा. माझ्यासारखेच नुसते बघायला आलेले कितीतरी होते. एक आजोबा नातवाला सांगत होते की वर आता आपलं घर असेल, आणि नातू मान वर करून छताकडे बघत होता. आता ती गाडी नदीच्या खालूनही जाते म्हणे. जाणार असाल तर त्यातून एकदा उगीचच हिंडा, कुठेही पोचायचं नसताना.

शुक्रवारी जादूघर, म्हणजे तिथलं मोठं संग्रहालय. ममी पाहिली. दुपारी कॉलेज स्ट्रीटवर पुस्तकांच्या टपऱ्या पाहिल्या. मराठी एकही नव्हतं, पण पुस्तकाचा वास सगळ्या भाषांत एकच. मातीच्या वाटीत मिष्टी दोई, म्हणजे गोड दही, खाल्लं, वाटी फेकायला जीव होईना. प्रत्येक गोष्ट झाली की तक्त्यावर बरोबरची खूण करायचो. शुक्रवारी रात्री तोवरचा एकही चौकोन राहिला नव्हता. शनिवारी सकाळचं व्हिक्टोरिया मेमोरियलही वेळेत झालं.

मग मैदानातून खिदिरपूरपर्यंत ट्राम. तो प्रवास मी कुणालाही करायला सांगितला असता, पण त्या ट्रामगाड्या आता जवळजवळ मोडीतच निघाल्यात असं ऐकतो. दोन्ही बाजूंना हिरवळ, बकऱ्या, फुटबॉल, आणि मधून लाकडी बाकावर बसून आपण डुलत चाललेलो. पुढे मिनीबस. रेल्वे क्वार्टरच्या दारात मी बरोबर तीनला पोचलो आणि मनाशी खूष झालो.

शरदची बायको दारात आली. ती खडगपूरची तेलुगू, घरात सगळे हिंदी बोलायचे. शरद स्टेशनांचे हिशेब तपासायला लाईनवर गेला होता. महिन्यातले वीस दिवस तो तिकडेच, तिनं सांगितलं, आणि पिताजी सकाळी दहापासून तयार होऊन बसलेत.

गुरुजी धुतलेलं धोतर नेसून खुर्चीत ताठ बसले होते. काचबिंदूनं डोळे गेले होते, हे मला पोस्टकार्डात कुणी कळवलं नव्हतं. मी पाया पडलो. त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला नाही की काही नाही, सरळ विचारलं, "वही आनली?"

बाप्पा, माणूस पस्तीस वर्षांनी भेटतोय, निदान पाणी तरी पिऊ द्या, असं मी मनात म्हणालो. मग त्यांनी सांगितलं. नोकरी सुटल्यावर त्यांनी कविता रचल्या होत्या. डोळे जात होते तेव्हा रचल्या, म्हणून कागदावर एकही नव्हती. बत्तीस. सगळ्या डोक्यात. शरद घरी आला की झोपतो, सुनेला मराठी येत नाही, नात बंगाली लिहिते. "तुझं अक्षर चांगलं होतं," ते म्हणाले. "लिही."

आणि सहावीचा वर्ग सुरू झाला. त्यांनी एक ओळ सांगायची, मी लिहायची, परत वाचून दाखवायची. स्वल्पविराम कुठे तेही सांगत. एका ठिकाणी मी घाईत ऱ्हस्व लिहिलं असेल या संशयानं त्यांनी तो शब्द मला अक्षर अक्षर फोडून सांगायला लावला. पहिली कविता जिनिंगवर आलेल्या गाड्यांची होती:

कापसाच्या गाड्या आल्या, गाव पांढरे झाले;
कुणी पुसले बैलांना, किती कोस रे आले?

मी थांबलोच. इतकी साधी ओळ माझ्या पाठ असलेल्या कवितांत नव्हती. गुरुजींना माझं थांबणं कळलं. ते हसले, म्हणाले, "बरी आहे ना? आता हिच्याहून बऱ्या आहेत पुढं."

सातवी लिहून झाली तेव्हा साडेपाच वाजले होते. सुनेनं दुसऱ्यांदा कॉफी आणली. मी घड्याळ पाहिलं ते त्यांना दिसलं नाही, पण माझ्या पेनचं टोपण लागल्याचा आवाज त्यांनी ऐकला.

"चालला?"

गाडीची वेळ मी सांगितली. सोमवारची ड्यूटीही सांगितली.

"उद्या इतवार," गुरुजी म्हणाले. "थांबून जा ना बाबू. उद्या संध्याकाळपर्यंत होऊन जाते सारं."

सून म्हणाली, "भाईसाहब, तारघर इसी गली के मोड़ पर है." तिकीट शेजारी बदलून देतील, ते स्टेशनवरच कामाला आहेत, हेही तिनं सांगितलं. म्हणजे एका दिवसाचा प्रश्न होता. सोमवारी मी ऑफिसात नसतो आणि माझ्याऐवजी माझी एक तार असती, एवढंच.

ती तार मला लख्ख दिसली. साहूच्या हातात, वर धरलेली. मी गुरुजींना त्या फाईलची गोष्ट सांगितली, लोक कसे आईला सिरियस करतात आणि आम्ही कसे हसतो. थोडी रंगवूनच सांगितली. त्यांनाही हसू येईल असं वाटलं. ते हसले नाहीत.

"मग काय झालं? एक दिवस त्यांनाही हसू दे तुझ्यावर," ते म्हणाले. "मले लिहिता येत असतं तर तुले कावून म्हटलं असतं?"

मी दिवाळीत येतो म्हणालो. चांगली आठ दिवसांची रजा काढून येतो, नवी वही आणतो. ते म्हणाले, बरं. मी चपला घालत होतो तेव्हा त्यांनी आतून आठवी कविता म्हणायला सुरुवात केली होती, मला की स्वतःलाच, कोण जाणे. बस गाठायची होती.

हावडा, टाटानगर, बिलासपूर. रविवारी दुपारी दुर्गला उतरलो तेव्हा कुमुदनं विचारलं, कसं झालं? मी तक्ता दाखवला. सगळ्या खुणा जागच्या जागी.

सोमवारी मी वेळेच्या दहा मिनिटं आधी हजर होतो. साहेब स्वतःच रजेवर होते. साहूनं मिष्टी दोईबद्दल विचारलं, मी गुरुजींबद्दल सांगितलं. सगळं ऐकून तो फाईल बांधता बांधता म्हणाला, "रुक जातेव बाबू. कोन का कहितिस?" थांबायचं होतं, कोण काय म्हणालं असतं. तो मस्करी करत नव्हता.

दसऱ्याच्या सुमारास शरदचं पत्र आलं. बाबांना अर्धांगाचा झटका आला, जीव वाचला, वाचा गेली.

माझी दिवाळीची रजा मंजूर झालेली होती. नवी वही आणून ठेवलेली होती. मी रजा रद्द केली. आता जाऊन लिहून काय घेणार, असं मी कुमुदला म्हणालो. ती म्हणाली, निदान भेटून या. मी म्हणालो, त्यांनाच त्रास होईल. गुरुजी त्यानंतर सव्वा वर्ष होते. मी गेलो नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी, छत्तीसगड झाल्यावर, शरद नागपूरला जाता जाता आमच्याकडे एक रात्र उतरला. मी त्याला ती वही दाखवली. सात कविता, दहा-बारा पानं, बाकीची कोरी. त्यानं पहिली वाचली, मग सातही वाचल्या, आणि विचारलं, "काका, या तुम्ही त्यांना कधी वाचून नाही दाखवल्या?"

मी म्हणालो, त्यांची वाचा गेली होती ना.

"वाचा गेली होती," शरद म्हणाला. "कान शेवटपर्यंत चांगले होते त्यांचे."